लाईन आल्यावर

लाईन जाते तेव्हा काही जळत नाही, कुंदाताई.
जळतं ते आल्यावर.
गोळीबार चौकात हे मी वीस वर्षं सांगून राहिलो.
लोक म्हणतात, हाव जी, हाव,
आणि लाईन गेली की बटणं तशीच सोडून
गच्चीवर हवा खायला जातात.
मे महिन्यात हवा कुठली?
दूर कोराडीच्या चिमण्या दिसतात.
आपल्याच उंबऱ्यावर शिजते वीज,
वाढताना मात्र आपली पंगत शेवटची.

कूलरचं पातं थांबतं.
वाळ्याचा ओला वास तेवढा खोलीत उभा राहतो,
निघू की बसू, अशा पाहुण्यासारखा.
तेवढ्यात उठायचं.
फ्रिजची पिन काढा, टीव्हीची काढा,
पंपाचं मेन खाली.
एक बल्ब फक्त चालू ठेवा, जुना, पिवळा, साठचा.
माझ्याकडे अजून सहा आहेत, विकायचे नाहीत.
लाईन आली की आधी त्याचं तोंड पाहा.
लालसर, आजारी दिसला, तर थांबा.
पांढराफटक होऊन डोळे वटारले त्यानं,
तर कशालाच हात लावू नका,
खांबावर न्यूट्रल सुटलंय कुठंतरी,
चारशेचा लोंढा शिरलाय गल्लीत.
आणि नेहमीसारखा पिवळा असला, तरी पाच मिनिटं.
फ्रिजच्या पोटातला गॅस खाली बसू द्या.
उन्हातून आलेल्याच्या हातात
आपण लगेच पाण्याचा गडू देतो का?

बाप माझा मागावर बसायचा.
किनारीचे धागे तो मोजत नव्हता, बोटं मोजायची.
माग सरपणात गेला,
मी कांड्या भरायचा हात घेऊन तांब्याच्या तारेकडे आलो.
सुतात फेरा चुकला की गिऱ्हाईक ओरडतं.
तारेत चुकला की गिऱ्हाईक काही बोलत नाही,
वास येतो.

परवा दोन चाळीसला गेली, सव्वाचारला आली.
दुकानातला बल्ब पांढरा झाला
तसा मी रस्त्यात धावलो, बंद करा, बंद करा बाप्पा!
तोवर धकात्यांचा टीव्ही गेला,
पराते मास्तरांचा एसी, ज्याचे अकरा हप्ते बाकी,
कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं मशीन.
तुम्हीही विसरलाच होतात,
फ्रिज चालू, आणि दाराच्या कप्प्यात
भास्कररावांच्या इन्सुलिनच्या सहा कुप्या.

फ्रिज वाचला.
मधे हा डबा होता म्हणून.
माझ्याच हातचा, काटा एकशे ऐंशीवर अडकलेला,
ज्यावर तुम्ही दुधाच्या हिशोबाची वही ठेवता.
आता उघडून बसलोय.
रिले काळा. वार्निश ओघळलेलं.
तारेचे फेरे एकमेकांत वितळलेले,
कुठला कुठं संपतो कळत नाही.
किती वेळ धरून ठेवलं असेल यानं?
अर्धा सेकंद. कदाचित तेवढंही नाही.
तेवढ्यासाठी तेरा वर्षं
कोपऱ्यात गुणगुणत बसला होता,
आणि तुम्ही दर उन्हाळ्यात विचारायच्या,
"आवाज करते जी हे, काढून टाकू काय?"

साडेतीनशे होतात. दोनशे द्या.
उद्या संध्याकाळी या, वार्निश वाळायला हवं.
तोवर फ्रिज सरळ भिंतीत लावू नका.
कुप्या मास्तरांकडे... नाही, त्यांच्याकडेही आता काही धड नाही.
माठाच्या बुडाशी ठेवा, ओल्या फडक्यात, उन्हापासून दूर.
आणि जरा बोलू नका आता,
मघा फोन वाजला नि आकडा सुटला,
सगळी तार पुन्हा उकलावी लागली.
एकशे चाळीस,
एकशे एक्केचाळीस,

घ्या, गेली.
पळा, आधी घरच्या पिना काढा.
माझं काय पाहता? अंधार असला तरी
एकशे बेचाळीस.